काठाची ओळ

आलापल्लीच्या बाजूला मोटारीतून येणारी माणसं रस्त्याकडेचा सरळ ओळींत उभा असलेला साग बघतात आणि म्हणतात, किती शिस्तीत वाढलं आहे हे जंगल. साग आपल्या मनानं शिस्तीत वाढत नाही. जो आपल्या मनानं वाढतो तो कुठेही उभा राहतो, बांबूत, दगडात, नाल्याच्या कडेला. ओळीत उभा असलेला साग बायांनी टाचेनं दाबून लावलेला असतो. त्यातल्या काही ओळी आमच्या टोळीच्या आहेत. पण कोणी विचारत नाही आणि मी आपण होऊन सांगत नाही. चार माणसांत मला बोलणं जमत नाही. लिहिताना समोर कोणाचं तोंड नसतं, म्हणून लिहिते.

जंगलखात्याच्या रोपवनात मी एकोणीसशे ऐंशीच्या पुढची बरीच वर्षं कामाला होते. मला मेट केलं ते मी हुशार म्हणून नाही. आमच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बौद्ध घरांनी पोरींना शाळेत घालायचंच असं धरलं होतं, म्हणून मी चौथीपर्यंत गेले. पुढची शाळा दूर होती, तिथे संपलं. रोपवनावर हजेरी लिहायला कोणीतरी हवं होतं आणि बाकीच्या बायांना लिहिता येत नव्हतं. मेट म्हणजे टोळीची म्होरकी. म्होरकीचा आवाज मोठा लागतो. माझा नव्हता. मी हळू काही सांगितलं की आमच्यातली सगळ्यात म्हातारी, रैनीबाई, ते मोठ्यानं पुन्हा सांगायची आणि त्यात आपल्या पदरचं घालायची.

"मेटबाई म्हनते का जडी सरळ धरा. आन् म्हनते का तोंडं बंद ठेवा."

दुसरं मी म्हटलेलं नसायचं. रैनीबाई गोंडाची होती. जंगलाला ती भीत नव्हती आणि साहेबांना तर अजिबातच नाही. मी दोघांनाही भ्यायचे.

काम असं होतं. रोपवाटिकेत वाढवलेलं सागाचं रोप उपटायचं, वरचा शेंडा आणि खालची बारीक मुळं छाटून टाकायची. बोटभर खोड आणि वीतभर मूळ उरतं. ती सागजडी. नवख्याला वाटेल चुलीत घालायची काडी आहे. पाऊस मुरला की पुरुष माणसं सब्बलीनं, लोखंडी पहारीनं, ओळींत भोकं पाडत पुढे जायची आणि मागून आम्ही. टोपलीत ओल्या पोत्याखाली जड्या. एक काढायची, भोकात सरळ सोडायची, माती लोटायची आणि टाचेनं दाबायची. सगळं त्या टाचेत आहे. नीट दाबलं नाही तर आत पोकळ राहतं, पोकळीत पाणी साचतं आणि जडी कुजते. वरून मात्र लावलेली दिसते. कोंब फुटायची वेळ येते तेव्हा कळतं की आपण काय लावलं होतं.

टोळीत मला सोडून दहाजणी होत्या. एकीला एक ओळ. दहाजणी खालच्या अंगाला शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि आपापली ओळ लावत वर जायच्या. वरच्या टोकाला पोचल्या की मोकळ्या हातानं खाली यायचं, कारण जड्यांचा ढीग खाली, पाण्याचा घडा खाली, लेकरांचे पाळणे बांधायचं झाडही खाली. मग पुढच्या दहा ओळी, त्याच क्रमानं. जागा बदलायची नाही. शेजारीण बदलली की हाताची चाल बदलते, आणि बोलायला नवीन माणूस आलं की काम मागे पडतं.

त्यात एक रीत होती. टोळीच्या एका अंगाला लावून झालेल्या ओळी असतात, दुसऱ्या अंगाला मोकळी जमीन. मोकळ्या अंगाची शेवटची ओळ, म्हणजे काठाची ओळ, लेकुरवाळीची. जिचं लेकरू अंगावर पितं, ती काठाला. लेकरू रडलं तर कोणाच्या ताज्या लावलेल्या जडीवर पाय न देता ती मोकळ्या जमिनीतून झाडाखाली जाऊ शकते आणि पाजून परत येऊ शकते. ही रीत कोणी घातली ते मला माहीत नाही. माझी दोन्ही पोरं मी मेट होण्याआधी काठावर लावत असताना पाळण्यात वाढली. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी काठ सगुणाचा होता.

सगुणा माझ्या घरामागे राहायची. नवरा बांबू तोडायला दूरच्या कूपात, तोडीच्या जंगलात, गेलेला, सासू नाही, पोरगी चार-पाच महिन्यांची. कामावर आली नाही तर घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं आणि पोरीला ठेवायला कोणी नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच काठावर जमत होत्या.

आता मोजणीचं सांगते. रोपवनात जड्या हजारांनी. सगळ्या मोजत बसलं तर पावसाळा संपेल. म्हणून दहातली एक ओळ मोजायची. आपण भाताचं एक शीत दाबून बघतो तसंच, पण शीत आपण हवं तिथून उचलतो. मोजणीत ते माणसानं ठरवायचं नसतं. पहिली ओळ एकदा धरली की मग ठरल्या अंतरानं पुढे जायचं. मध्ये दगड येवो, खड्डा येवो, जी ओळ येईल ती मोजायची. म्हणजे चांगली ओळ दाखव, वाईट झाक, असं कोणाला करता येत नाही. एक बाई ओळीतून चालत हाक देते: जिती, मेली. साहेब कागदावर रेघ मारतात. वरून वाळलेली दिसली तर नखानं साल खरवडायची, आत हिरवं असलं तर जिती. हाक देण्याचं काम मेटचं. टोळीत माझा आवाज निघायचा तो तेवढ्या कामापुरता.

साहेब लोक पहिली ओळ कशी धरतात यातही एक गंमत झाली होती. आमच्या पलीकडच्या रोपवनात एक गार्ड होता. त्याला ठाऊक होतं की कोपऱ्यापासून दहावी, विसावी, तिसावी अशाच ओळी मोजतात. त्यानं तेवढ्याच ओळींतलं गवत काढलं, मेलेल्या जागी नव्या जड्या भरल्या, बाकीच्यांकडे पाहिलं नाही. तेव्हाचे साहेब मोजायला आले, सगळं छान निघालं. जाताना टेकडीवर पाणी प्यायला थांबले आणि त्यांनी खाली पाहिलं, तर रोपवन लुगडं पसरल्यासारखं, आणि मधूनमधून हिरवा काठ. शिक्षा म्हणून गार्डची बदली लांब सिरोंच्याला झाली. लोक पुष्कळ हसले. पण तेव्हापासून साहेब लोक पहिली ओळ जागेवर येऊन, आधी कोणाला न कळू देता धरू लागले, आणि कोणी बोट दाखवून "साहेब, ती ओळ पाहा" म्हटलं तर त्या ओळीकडे ढुंकूनही बघत नसत.

त्या वर्षीचे रेंजरसाहेब नवीन होते. घाटाकडचे, कमी बोलणारे. चष्म्यावर पाणी आलं की पुसत उभे राहायचे, तोवर सगळी टोळी थांबायची. वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावर दिसत नसे, आणि मला अशा माणसाची जास्त भीती वाटते.

मोजणीच्या सकाळी आमचा गार्ड माझ्याजवळ आला. आम्ही त्याला गार्डभाऊच म्हणायचो. चांगला होता, पण त्याचंही पोट याच रोपवनावर.

"मेटबाई, आयकून घे," तो म्हणाला. "अर्ध्याच्या वर मेल्या निंगाल्या तं पुढची लावणी तुमच्या टोळीले नाई. ठेकेदाराची मानसं आनून राह्यले. साहेब काल बोलले."

"सगळी टोळी?"

"सगळी. आन् मी कुठी जाईन ते मलेच ठाव नाई."

मी बायांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रैनीबाईनं ते मोठ्यानं सांगितलं असतं.

साहेब आले. बाया एका बाजूला उभ्या. सगुणाच्या कमरेवर पोरगी. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि रैनीबाईकडे वळले.

"बाई, दहापर्यंतचा कोणताही एक आकडा सांगा."

"काऊन?"

"त्या ओळीपासून मोजायला लागू."

रैनीबाईनं पदर सावरला. "मंग दहाच घ्या ना साहेब. पुरा आकडा. उना काऊन सांगू?"

बाया हसल्या. मीही हसले. साहेब दहावी ओळ धरून उभे राहिले आणि मी चालायला लागले.

"जिती. मेली. मेली. जिती. मेली."

ओळ संपेपर्यंत माझ्या लक्षात काही आलं नव्हतं. एखादी ओळ वाईट निघते. खाली दगड असतो, वाळवी असते. साहेब दहा ओळी मोजून पुढे गेले. विसावी.

"मेली. मेली. जिती. मेली."

तिसाव्या ओळीच्या तोंडाशी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. दहावी, विसावी, तिसावी. लावणाऱ्या दहाजणी. पहिल्या दहांत दहावी कोणाची, ते मला हजेरीसारखं पाठ होतं. काठाची. पुढच्या दहांतही दहावी काठाची. साहेब दहाच्या पावलानं जात होते आणि आमची टोळीही दहाच्याच पावलानं गेली होती. शेवटपर्यंत गेले असते तरी त्यांना सगुणाशिवाय दुसऱ्या कोणाची ओळ लागणार नव्हती.

आणि तिच्या जड्या का मेल्या तेही मला दिसत होतं. ती पाजायला जायची तेव्हा टोपली मागे उन्हात राहायची, पोतं वाळायचं. परत आली की बाकीच्या पुढे गेलेल्या असायच्या, मग ती धावत लावायची. जडी सोडली, माती लोटली, पुढे. टाच पुरती बसायची नाही. हे मी पाहिलं होतं आणि काही बोलले नव्हते, कारण काठाची ओळ थोडी कच्ची असायचीच, माझीही होती. दहात एक कच्ची असली तर रोपवन काही मरत नाही. पण साहेबांच्या कागदावर दहाच्या दहा कच्च्या होत होत्या.

मी हाक देत होते. "मेली. मेली." मागे बाया चालत होत्या. त्यांचं हसणं थांबलं होतं. सगुणाच्या पावलांचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता, कारण लेकरू घेतलेल्या बाईचं एक पाऊल जड पडतं. एका जडीशी मी थांबले. वरून काळी. साल खरवडली, आत तपकिरी. जिती म्हणावं असं तोंडात आलं होतं. साहेब तीन पावलं मागे होते, चष्मा पुसत होते.

"मेली," मी म्हटलं.

ओळीच्या वरच्या टोकाला गार्डभाऊ जवळ आला. त्यालाही कळलं होतं. तो खालच्या आवाजात बोलला.

"सांगून टाक ना, का ह्या सगुनाच्या ओळी हायेत म्हनून. बाकीच्या पाह्यले लाव. सगळ्याइच्या पोटावर येऊन राह्यलं."

"तुम्हीच सांगा."

"मी सांगीन तं म्हनतील, गार्ड ओळी दाखवून राह्यला. सिरोंच्याचं आयकलं नाई का तुनं?"

मी सांगितलं तर सगुणा जाईल. नाही सांगितलं तर सगळ्या जातील, सगुणाही जाईल. हिशोब इतका सोपा होता की चौथी शिकलेल्या बाईलाही सुटावा. पण तिचं नाव माझ्या तोंडातून निघत नव्हतं. रैनीबाई माझ्याकडे बघत होती.

"काय व, काय झालं?" ती म्हणाली. "तोंड काऊन असं केलं?"

"बाई, तुम्ही दहा म्हणालात ना," मी हळूच म्हटलं. "दहावी काठाची."

रैनीबाईला वेळ लागला नाही. ती मागे वळली, सगुणाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा माझं बोलणं तिनं मोठ्यानं सांगितलं नाही.

चाळिसावी ओळ आली. साहेब म्हणाले, "मेटबाई, चला."

मी गेले नाही. ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. 

"साहेब," मी म्हटलं, "आम्ही दहाजणी लावतो."

"मग?"

"शेजारी शेजारी. एकीला एक ओळ. जागा बदलत नाही."

एवढंच मी बोलले. याच्यापुढचं मला जमलं नसतं. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग मागच्या ओळींकडे. दहावी, विसावी, तिसावी, बोटानं हवेत मोजलं. माझ्यापेक्षा लवकर कळलं त्यांना, आणि जास्तही.

"म्हणजे पहिली धरली असती तर सगळ्या पहिल्या बाईच्या आल्या असत्या," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आकडा कोणताही सांगितला असता तरी एकाच बाईच्या."

"हो साहेब."

"चूक माझी आहे. पण मेटबाई, तुम्ही सांगताय म्हणून मी दुसरी ओळ घेतली, तर ती तुमची निवड झाली. हे कळतंय ना?"

"हो साहेब."

त्यांनी थोडा विचार केला. "सातानं जाऊ. सात, चौदा, एकवीस. तुम्ही दहा आहात, म्हणून सातानं गेलं तर प्रत्येकीची ओळ येईल. दहावीही येईल. ती सुटणार नाही."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "या दहाव्या ओळी कोणाच्या?"

मी खाली बघितलं. "काठाच्या."

"काठाला कोण असतं?"

"जिचं लेकरू लहान असतं ती."

मी नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं नाही हे मी इतकं धरून बसले होते की आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. दहा बायांत एकीच्याच कमरेवर लेकरू होतं. साहेबांनी मान वर केली. सगळ्यांनीच केली.

सगुणानं पोरीला दुसऱ्या कमरेवर घेतलं. "माह्याच हायेत साहेब," ती म्हणाली. "पोरगी रडे तं मी जाय. टाच देनं होत नोयतं मंग."

साहेब चष्मा काढून पुसायला लागले. तेव्हा पाऊस नव्हता.

मग सातानं मोजणी झाली. सातवी रैनीबाईच्या धाकट्या जावेची, चौदावी आमच्या टोल्यातल्या एका बाईची, एकविसावी आणखी कोणाची. मी चालत होते आणि हाक देत होते, पण अजून भरवसा नव्हता. एका ओळीत तीन जड्या लागोपाठ मेलेल्या आल्या तेव्हा मला वाटलं, आता सगळंच असं निघेल. निघालं नाही. बाकी बायांच्या ओळी जगल्या होत्या. काठाची एक ओळ त्यातही आली, ती तशीच मोजली. शेवटी साहेबांनी बेरीज केली आणि गार्डभाऊला म्हणाले, "चालेल. मेलेल्या जागा या पावसातच भरून घ्या." टोळी राहिली.

पण जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी मला बोलावलं. "उद्यापासून जागा बदलत जायचं. दर दहा ओळींनंतर प्रत्येकीनं एक जागा सरकायचं. काठ कोणा एकीचा नाही. सगळीकडे तसं कळवतो."

ते बरोबर बोलत होते. मोजणीसाठी तेच बरोबर होतं. मी मान हलवली, कारण मधल्या ओळीतून लेकुरवाळीनं पाजायला कसं जायचं हे मी त्यांना कसं विचारणार होते?

साहेब गेल्यावर गार्डभाऊ म्हणाला, "सगुनाले उद्या आनू नको. दुसरी पाह्य. लेकरू मोठं झालं का येईल मंग."

"दुसरी कुठून आणू?"

"कुठूनबी. मधात उभी राहून ते रडत्या पोरीकडे पळंल, दोन ओळी तुडवंल. साहेब उद्या सोता येऊन राह्यले."

त्या संध्याकाळी सगुणा माझ्या अंगणात आली. बसली नाही. "वैनी, मी येऊ का नको?" तिनं विचारलं. मी तिला गार्डभाऊचं बोलणं सांगितलं नाही. "ये," म्हटलं. म्हणताना मला माहीत नव्हतं की उद्या काय करायचं. ती गेल्यावर मी रैनीबाईच्या घरी गेले. ती मोहाची पोळी भाजत होती. मी सगळं सांगितलं. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, "झोप जा. तुह्यानं भेव्याशिवाय दुसरं काही होत नाई, थे तरी नीट कर." यात धीर होता की टोमणा, मला कळलं नाही.

सकाळी साहेब खरंच आले आणि बांधावर उभे राहिले. शेजारच्या तुकड्यात लावणी होती. मी बायांना जागा दिल्या. सगुणा पाचवी आली. तिच्या एका अंगाला रैनीबाई, दुसऱ्या अंगाला रैनीबाईची जाऊ. हे मी मांडलं नव्हतं. त्या दोघी आपणच येऊन तिच्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. गार्डभाऊनं सगुणाला पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवलं.

ओळी सुरू झाल्या. मी झाडाखाली पाळण्याजवळ थांबले होते, पोरगी झोपावी म्हणून दोरी हलवत. साहेब बघत होते म्हणून ते मेटचं काम असल्यासारखं करत होते. टोळी निम्म्यावर गेली आणि पोरगी उठली. मी दोरी हलवली. पोरगी रडायला लागली. भुकेचं रडणं वेगळं असतं, दोरीनं ते थांबत नाही.

वर सगुणा थांबली. वळून खाली पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंना ताज्या ओळी. दहाजणींची रांग पुढे चाललेली. साहेबांनी घड्याळात पाहिलं की पाळण्याकडे, ते मला आठवत नाही. मला फक्त सगुणाचं वळलेलं तोंड आठवतं आणि माझा हात दोरीवर.

रैनीबाईनं टोपली खाली ठेवली नाही, मान वर केली नाही. आपली जडी दाबली आणि एक पाऊल आडवं टाकून सगुणाच्या ओळीतल्या भोकात जडी सोडली, माती लोटली, टाच दिली. पुढच्या भोकात पलीकडून जावेनं. एक हिनं, एक तिनं. दोघींच्या मधली ओळ पुढे सरकत राहिली, जशी काही सगुणा अजून तिथेच होती. सगुणा आपल्याच ओळीतून, आपण लावलेल्या जड्यांच्या कडेनं पाय जपत खाली आली, पोरीला घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

साहेब बांधावरून उतरले आणि ओळीत गेले. वाकून एक-दोन जड्या हलवून पाहिल्या. हलल्या नाहीत. मग रैनीबाईच्या मागे जाऊन उभे राहिले.

"बाई, ही ओळ आता कोणाची म्हणायची?"

"जंगलाची म्हना साहेब," रैनीबाई म्हणाली, हात न थांबवता. "आमी का घरी नेऊन राह्यलो?"

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जीपकडे निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्या पूर्ण पावसाळ्यात मी गार्डभाऊ दिसला की विचारायची, काही आलं का वरून? तो म्हणायचा, नाई. काही आलं नाही, हेच आमचं उत्तर. सगुणा टोळीत राहिली.

पण साहेबांचा हुकूम मात्र सगळीकडे गेला. दहा ओळी झाल्या की सरका, काठ कोणाचा नाही. दुसऱ्या टोळ्यांतल्या मेटांनी तो पाळला, आणि सोपा मार्ग काढला. लेकुरवाळीला घ्यायचंच नाही. कशाला हवी ती मधोमध, पोरगं रडलं की रांग मोडणारी? कोणाचं त्यात वाईट मन नव्हतं. काठ होता तोवर तिच्यासाठी जागा होती, काठ गेला आणि जागा गेली. मला हे पुढच्या वर्षी कळलं, तेही कोणी सांगितलं म्हणून नाही.

लावणीच्या पहिल्या दिवशी मी टोळी उभी करत होते. वाटेनं एक अनोळखी बाई आली. पायांना चिखल, पाठीला झोळी, झोळीत लेकरू. लांबून चालत आलेली दिसत होती. सगळ्यांच्या मागे उभी राहिली, कोणी विचारेल याची वाट बघत. मीही तशीच उभी राहते, म्हणून मला तिचं उभं राहणं कळलं.

"कुठून आलीस?" मी विचारलं.

तिनं गावाचं नाव सांगितलं. आमच्यापासून तीन गावं पलीकडे. तिथेही रोपवन होतं, टोळी होती.

"तिथे घेतलं नाही?"

तिनं मान हलवली. "आयकलं का तुमच्याकडे लेकुरवाळीले घेते म्हनून."

माझ्या दहाजणी पुऱ्या होत्या. गार्डभाऊ बांधावर उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि हजेरीच्या कागदावर दहाच घरं आखलेली होती. माझ्या मनात आलं, आता साहेबांना काय सांगायचं, अकरा झाल्या तर किती ओळींनी सरकायचं, मोजणी कशी लागायची. 

"मेटबाई म्हनते का झोळी झाडाले बांध," रैनीबाई मागून मोठ्यानं म्हणाली. मी अजून काही म्हटलं नव्हतं.

त्या बाईला मी रांगेच्या मधोमध उभी केली. एका अंगाला रैनीबाई सरकली, दुसऱ्या अंगाला सगुणा.